मुंबईला गेलो, पण यंदा मुंबई पाहायला



मागील अंकात आपण बचत गटाच्या वहीबद्दल बोललो होतो. त्याच वहीच्या शेवटच्या पानावर आमच्या गटाने एक वेगळे खाते उघडले होते. त्या खात्याचे नाव होते ‘सहल’. कुणी विचारील, ताई, संसाराच्या पानावर सहलीचे काय काम? पण लेकरांचे शिक्षण, घरचे आजारपण, पाव्हणेरावळे हे जसे संसारात येते, तसे चार दिवस घराबाहेर पडून जग पाहणेही संसारातच यायला हवे. आपल्या बायकांच्या वाट्याला ते फार कमी आले आहे. म्हणून आज थोडे सविस्तर लिहिते.

गोष्ट सुरू झाली ती गेल्या वर्षीच्या जून महिन्यातल्या बैठकीत. आमच्या किनवटच्या वस्तीत एक आत्याबाई आहेत. वय अडुसष्ट. पंचवीस वर्षांपासून ६ डिसेंबरला दादरला जाण्याचा त्यांचा नेम आहे. त्या दिवशी एका मुलीने मोबाईलवर गेटवे ऑफ इंडियाचा फोटो दाखवून सहज विचारले, “आत्या, तुम्ही तर दरसाल मुंबईला जाता. हे कुठं आलं हो?” आत्याबाई फोटोकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “कोन जाने माय. म्या दादर पाह्यलं. मुंबई नाही पाह्यली.”

बैठकीत क्षणभर कुणी बोलले नाही. कारण आमच्यापैकी बहुतेकींचे तेच होते. गाडीतून उतरायचे, रांगेत उभे राहायचे, बाबासाहेबांना वंदन करायचे, शिवाजी पार्कवरच्या स्टॉलवरून पुस्तके, दिनदर्शिका आणि बुद्धमूर्ती घ्यायची, तिथल्या मंडपात रात्र काढायची आणि परतीची गाडी धरायची. ते योग्यच आहे. तो दिवस अभिवादनाचा आहे, बाजारहाटाचा नाही. पण म्हणून मुंबई पाहायचीच नाही, असे कुठे आहे? तिथेच ठरले, की ६ डिसेंबर आपल्या जागी राहील, आणि मुंबई पाहायला आपण वेगळे जाऊ. जानेवारीत जाऊ.

तयारी आणि तक्रारी

जुलै ते डिसेंबर असे सहा महिने प्रत्येकीने दरमहा ५०० रुपये टाकायचे, म्हणजे दरडोई ३,००० रुपये. एवढ्यातच येणे-जाणे, राहणे, खाणे आणि तिकिटे. खरेदीचा पैसा ज्याचा त्याने न्यायचा. पंधराजणींनी नावे दिली.

घरोघर बोलणी झाली. “बायकांना मुंबई कशाला पाहिजे?” “घर कोण बघणार?” एकीच्या घरी तर आठ दिवस अबोला होता. ती शिवणकाम करते. तिचे मालक म्हणाले, “पैसे उडवायला चाललीस.” तिने भांडण केले नाही. एवढेच म्हणाली, “माझ्या मशीनचे पैसे आहेत.” तिचे पुढे काय झाले ते सांगतेच.

किनवटकरांना सोय अशी, की नंदीग्राम एक्सप्रेस थेट मुंबईला जाते. नांदेड, परभणी, जालना, मनमाड करीत एका रात्रीत माणूस मुंबईत. पण आरक्षण आधी करावे लागते. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते, पूर्वीसारखे १२० दिवस आधी नाही. एका तिकिटावर सहाच नावे बसतात. म्हणून आम्ही सहा, सहा आणि तीन अशी तीन तिकिटे काढली, आणि प्रत्येक तिकिटात एक तरी वाचता येणारी बाई ठेवली. ज्येष्ठांची रेल्वेतली सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, त्यामुळे आत्याबाईंना पूर्ण भाडे पडले. मांडवीहून येणाऱ्या दोघींना मात्र एसटीचे अर्धे तिकीट लागले. महिलांना ही सवलत १७ मार्च २०२३ पासून मिळते आहे.

शिदोरीत दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि लसणाचा ठेचा. गाडी हलली तसे निम्म्या बायकांचे डोळे पाणावले आणि निम्म्या हसत सुटल्या. लेकरू, देवदर्शन, लग्न किंवा मयत यांपैकी कोणतेही कारण नसताना घराबाहेर पडलेल्या त्या पहिल्यांदाच.

रांग नसलेली चैत्यभूमी

उतरलो दादरला. एका नातलगाच्या ओळखीने दादर पूर्वेला एका विहाराच्या सभागृहात उतरण्याची सोय झाली होती. अंघोळी आटोपून पहिल्यांदा गेलो चैत्यभूमीवर. ७ डिसेंबर १९५६ रोजी जिथे बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले, तीच ही जागा. त्या दिवशी रांग नव्हती, ढकलाढकली नव्हती. आत्याबाई आत बराच वेळ बसल्या. बाहेर आल्यावर मागच्या किनाऱ्यावर उभ्या राहिल्या. समुद्र त्यांनी पूर्वी पाहिला होता, पण तो माणसांच्या डोक्यांवरून. या वेळी पायाला लागला.

तिथून हिंदू कॉलनीतले राजगृह. १९३० नंतरच्या दशकात बाबासाहेबांनी हे घर बांधले ते मुख्यतः पुस्तकांसाठी. त्यांच्या ग्रंथसंग्रहात पन्नास हजारांच्या वर पुस्तके होती असे सांगतात. तळमजल्यावर त्यांच्या वापरातल्या वस्तू पाहायला मिळतात. आमच्यातली एक, दहावीला दोनदा बसून सुटलेली, हळूच म्हणाली, “ताई, माणूस पुस्तकांना घर बांधतो, आणि आपण पुस्तक ठेवायला फळी ठोकत नाही.” घरी आल्यावर तिने फळी ठोकली आहे, हेही सांगून टाकते.

संध्याकाळी दादर स्टेशनबाहेर वडापाव खाल्ला. १९६६ च्या सुमारास याच भागात अशोक वैद्य यांनी वडापावची गाडी सुरू केली, असे मानले जाते. गिरणीच्या पाळीवर जाणाऱ्याला उभ्या-उभ्या, हातात धरून, थोड्या पैशात पोट भरेल असे खाणे हवे होते. त्यातून हा पदार्थ मुंबईभर झाला. पावभाजीची कुळीही तीच, गिरणी कामगारांची. आज मोठमोठे लोक आवडीने खातात, पण या पदार्थांना घाम कष्टकऱ्यांचा आहे, हे विसरू नये.

रात्री थाळी खाताना खाणावळीचा विषय निघाला. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत जेवू घालणाऱ्या हजारो बायका होत्या. त्यांना सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. आज आपण बचत गट म्हणून जे करतो, त्याची एक वाट त्या खोल्यांतल्या चुलीपासून निघाली आहे. हे कळल्यावर थाळीतली आमटी आम्हाला जास्तच गोड लागली.

कान्हेरी : डोंगरातले विद्यापीठ

दुसऱ्या दिवशी सकाळी लोकलने बोरिवली. महिलांच्या डब्यात पंधराजणी चढायच्या म्हणजे मोठीच मोहीम. आम्ही तीन टोळ्या केल्या होत्या. प्रत्येक टोळीला एक प्रमुख. घाई करायची नाही, एक गाडी सोडली तर दुसरी येते, हे आधीच बजावले होते. तरीही एकजण फलाटावर राहिलीच. पण तिच्या पदराला चिठ्ठी बांधलेली होती. चिठ्ठीवर उतरण्याच्या जागेचा पत्ता, दोन फोन नंबर आणि ‘बोरिवलीला उतरावे’ एवढेच लिहिले होते. ती मागच्या गाडीने आली. आल्यावर म्हणाली, “मी काही हरवले नव्हते, तुम्हीच पुढे गेलात.”

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आत, दरवाजापासून सहा-सात किलोमीटरवर कान्हेरीची लेणी आहेत. काळ्या खडकात कोरलेली शंभराहून अधिक लेणी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे इथे भिक्खूंचा वास होता. तिसऱ्या क्रमांकाचे लेणे म्हणजे मोठे चैत्यगृह. त्याच्या व्हरांड्यात दोन बाजूंना भगवान बुद्धांच्या उंच उभ्या मूर्ती आहेत, माणसाच्या तिपटीहून उंच. मान वर करून पाहताना आत्याबाईंचा पदर डोक्यावरून घसरला, तो त्यांनी सावरलाच नाही.

मला सर्वांत नवल वाटले ते पाण्याचे. लेण्यालेण्याशी खडकात पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, खोदलेली आहे. डोंगरावर पडलेले पावसाचे पाणी पन्हळींतून त्यांत उतरते. मराठवाड्यातल्या बाईला हे समजावून सांगावे लागत नाही. आमच्यातली एकजण टाकीच्या काठावर बसून म्हणाली, “यांना टँकर लागला नसल.”

आणखी एक गोष्ट. इथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत कल्याण, सोपारा अशा त्या काळच्या बाजारपेठांतले व्यापारी आहेत, तसेच भिक्खुणी आणि संसारी बायकाही आहेत. कुणी टाके दिले, कुणी लेणे दिले. दोन हजार वर्षांपूर्वी बाईने आपल्या पैशातून दिलेले दान तिच्या नावाने दगडावर कोरले गेले. ज्या बाईला घरी “पैसे उडवतेस” असे ऐकावे लागले, तिने हे दोनदा विचारून घेतले.

जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे : लेणी सोमवारी बंद असतात. पाणी बरोबर न्यावे. हातात खाऊची पिशवी धरू नये, माकडे हिसकतात. पायऱ्या पुष्कळ आहेत. गुडघे दुखणारीने खालची लेणी पाहून तिसऱ्या लेण्यात बसावे. तेवढ्यानेही मन भरते.

कोट, बाजार आणि एक कप चहा

खरेदी मुद्दाम शेवटच्या पूर्ण दिवसावर ठेवली होती. आधी खरेदी केली की पुढचे दिवस गाठोडी सांभाळण्यात जातात.

सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत बाहेरून निवांत पाहिली. १८८७ सालची ही इमारत २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. मग बेस्टच्या दुमजली बसमध्ये वरच्या मजल्यावर बसलो. जुन्या लाल डिझेलच्या दुमजली गाड्या सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या. आता विजेवर चालणाऱ्या, थंडगार गाड्या आहेत. वरच्या पहिल्या बाकावर बसण्यासाठी साठीच्या दोघींत जी चुरस झाली, ती पाहून कंडक्टरही हसले.

फोर्टमध्ये सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ‘बुद्ध भवन’ आणि ‘आनंद भवन’ या इमारती पाहिल्या. १९४६ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने हे महाविद्यालय सुरू केले. मग गेटवे. पंचम जॉर्जच्या १९११ च्या भेटीची आठवण म्हणून बांधलेले हे प्रवेशद्वार १९२४ साली पूर्ण झाले. आणि याच दारातून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिशांची शेवटची पलटण निघून गेली. मोबाईलवरचा तो फोटो आता समोर होता. आत्याबाईंनी त्या मुलीला फोन लावायला सांगितला आणि म्हणाल्या, “आलं का ध्यानात? हे इथं आलं.” घारापुरीला जायची काहींची इच्छा होती, पण वेळ नव्हता. जाणाऱ्यांनी बोटीत बसताना लाइफ जॅकेट मागून घ्यावे. १८ डिसेंबर २०२४ च्या अपघातात याच मार्गावर अनेकांचे प्राण गेले आहेत.

दुपारनंतर बाजार. क्रॉफर्ड मार्केट ही १८६९ सालची मंडई. तिचे आजचे नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. पण मुंबईकर अजून गोऱ्या साहेबाचेच नाव घेतात. आम्ही ठरवून प्रत्येक टॅक्सीवाल्याला आणि दुकानदाराला ‘फुले मंडई’ असेच म्हणालो. एकाला कळले नाही, तेव्हा समजावून सांगितले.

शेजारी मंगलदास मार्केट, कापडाची गल्लीबोळांची पेठ. इथे पांढऱ्या साड्यांचे कापड, ड्रेसचे कापड आणि अस्तर असे सर्व काही मिळते. आमच्या शिवणकामवाल्या बहिणीने साडी घेतली नाही. तिने अस्तराचे तागे, साडीचे फॉल, लेस आणि हुकांची पाकिटे घेतली, तीही दहा दुकाने फिरून, भाव लिहून घेऊन. किनवटला आल्यावर महिनाभरात त्या मालातून तिचे सहलीचे निम्मे पैसे सुटले. घरचा अबोला केव्हाच संपला आहे. आता मालकच विचारतात, परत कधी जाणार?

सगळ्यांचेच असे झाले नाही. एकीने फुटपाथवर स्वस्तात बॅग घेतली, तिची चेन मनमाडच्या आधीच गेली. एकीने साडी न उलगडता घेतली, घरी पाहिले तर पदराला डाग. म्हणून सांगते : साडी पूर्ण उलगडून, उजेडात पाहावी. सांगितलेल्या भावाला लगेच हो म्हणू नये. आणि पावती मागायला लाजू नये.

पाय दुखले तेव्हा धोबी तलावाजवळच्या कयानी या १९०४ सालच्या इराणी हॉटेलात शिरलो. जुन्या लाकडी खुर्च्या, काचेच्या बरण्या. बनमस्का आणि चहा मागवला. पंधराजणी पाच टेबलांवर बसल्या. कुणी विचारले नाही, कुठून आलात, कोण तुम्ही.

चहा झाला. आत्याबाई उठल्या, आपला कप आणि बशी हातात घेतली आणि इकडेतिकडे पाहू लागल्या. आम्हाला वाटले, काही हवे आहे. वेटर पुढे आला आणि म्हणाला, “मावशी, कप राहू द्या. ते आमचं काम.” तेव्हा आमच्या लक्षात आले. आत्याबाई कप विसळायला पाणी शोधत होत्या.

लहानपणी वडिलांबरोबर बाजाराला गेल्या की हॉटेलबाहेर आपल्या लोकांसाठी वेगळ्या कपबशा ठेवलेल्या असत. चहा वरून ओतला जाई, आणि कप आपणच विसळून पुन्हा जागेवर ठेवायचा. साठ वर्षे होत आली. किनवटला त्या घरच्या चहावर भागवतात. हॉटेलात बसून, मागवून चहा घेण्याची वेळ आलीच नव्हती. हाताची सवय तशीच राहिली होती.

आत्याबाई खाली बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “अजून एक चहा सांग गं.” आम्ही पंधराही जणींनी दुसरा चहा घेतला. खजिनदारणीने कुरकुर केली नाही.

भगिनींनो, मी हा प्रसंग दुःख उगाळण्यासाठी लिहिला नाही. कायद्याने अस्पृश्यता १९५० सालीच, राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने संपली. सार्वजनिक हॉटेलात, दुकानात जाण्याचा हक्क १५ व्या कलमाने दिला. पण हक्क कागदावर मिळणे आणि अंगात मुरणे यांत अंतर असते. ते अंतर भाषणाने तुटत नाही. खुर्चीवर बसून, मागवून, पैसे देऊन, कप टेबलावर ठेवून उठल्यानेच ते तुटते. म्हणून मी म्हणते, सहल ही चैन नाही.

हिशेब आणि चार सूचना

एकूण जमा ४५,००० रुपये. खर्च जाऊन १,८६० रुपये उरले. प्रत्येकीला १२४ रुपये परत दिले. वही सर्वांना दाखवली.

ज्यांना असा बेत करायचा असेल त्यांच्यासाठी :

• पैसे सहा महिन्यांत थोडे-थोडे जमवा. कर्ज काढून सहल नको.

• चहा, नाश्ता आणि दोन जेवणे सामाईक खर्चातून. बाकी हौस ज्याची त्याने. हे आधी ठरवले नाही तर भांडण होते. आमचे पहिल्याच रात्री शीतपेयावरून झाले.

• खजिनदार एक आणि हिशेब लिहिणारी दुसरी. रोज रात्री जमाखर्च वाचून दाखवावा.

• दिवसाला दोनच ठिकाणे धरा. चार धरली तर एकही नीट पाहून होत नाही.

• लेणी, उद्याने आणि संग्रहालये यांचे सुट्टीचे वार आधी विचारा. कापडबाजार रविवारी बंद असतो.

• औषधे, आधार कार्डाची प्रत आणि पत्त्याची चिठ्ठी प्रत्येकीजवळ हवी.

• वयस्कर बाईला ‘तुम्हाला झेपणार नाही’ म्हणून मागे ठेवू नका. तिला वेळ द्या.

पुढच्या सहलीचे खाते सुरू झाले आहे. किनवटहून हैदराबाद फार लांब नाही. हुसेनसागरातली १९९२ साली उभी केलेली भगवान बुद्धांची अखंड दगडातली मूर्ती आणि १४ एप्रिल २०२३ रोजी अनावरण झालेला बाबासाहेबांचा १२५ फुटी पुतळा पाहायचा विचार आहे. पहिला पाचशेचा हप्ता आत्याबाईंनी भरला. वाचक भगिनींपैकी कुणी तिकडे गटाने जाऊन आल्या असतील तर उतरण्याची सोय, जेवण आणि खर्च याबद्दल जरूर लिहून कळवावे. निवडक पत्रे पुढील अंकी देईन.

सर्वांचे मंगल होवो.